बंद धबधब्यामागचं दार

तिसरा धबधबा बंद होता.

दुकान बंद असतं, लिफ्ट बंद असते, फार तर एखाद्याची बोलती बंद होते. पण धबधबा बंद असतो हे मीटरताईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. वरून उतरणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी सहज विचारलं, "वर कसं आहे हो?" त्यातला नवरा काठी टेकत म्हणाला, "उगाच पाय मोडू नका, आज बंद आहे," आणि पुढे चालू पडला. मीटरताई तिथेच थांबल्या. बंद आहे म्हणजे काय? कुणी केला? पुन्हा कोण सुरू करणार?

दरीतली पायवाट ओढ्याच्या काठाकाठाने चढत होती. पहिला धबधबा अगदी वाटेवरच, बारीक आणि उंच. दुसरा रुंद, तीन पायऱ्यांवरून उतरणारा. त्या दुसऱ्या धबधब्यापाशी मुलाच्या बुटाचा तळवा सुटला आणि चालताना जीभ काढल्यासारखा लोंबायला लागला. सूनबाईंनी आपल्या केसांच्या रबराने तो बांधून दिला, पण वर चढण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही दोघी जाऊन या, आम्ही खाली गाडीपाशी बसतो," मुलगा म्हणाला. असं करून उरल्या दोघी विहिणी. एक मुलाची आई, एक सुनेची.

मुलाची आई म्हणजे मीटरताई. वीज कंपनीत घरोघरी जाऊन मीटर वाचायचं काम त्यांनी नोकरी संपेपर्यंत केलं, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. लोकांच्या घरातले मीटर कधी शोभेच्या जागी नसतात. जिन्याखाली, चपलांच्या कपाटामागे, कोळिष्टकं झालेल्या कोपऱ्यात त्या विजेरी घेऊन वाकायच्या, आकडा टिपायच्या आणि निघायच्या. तेवढ्यात घरही वाचून व्हायचं. कुणाकडे सासू-सुनेच्या चपला एकमेकींकडे पाठ करून ठेवलेल्या असतात, कुणाच्या दाराआड बाटल्या साठतात, सगळं. शेजारी म्हणत, मीटरताई चौकस आहेत. पाठीमागे म्हणत, भोचक आहेत. दोन्ही खरं होतं.

आणि सुनेची आई? त्या इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीत बसायच्या. चिठ्ठी घ्यायच्या, गोळ्या मोजून पाकिटात घालायच्या, सकाळ-संध्याकाळ लिहून द्यायच्या. अख्ख्या गावाची दुखणी त्यांना ठाऊक, पण कधी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी या बाईच्या पोटात काय आहे ते मीटरताईंना कळलं नव्हतं. त्यातही दर गुरुवारचं कोडं. गुरुवारी संध्याकाळी विहीणबाई पाठीला पिशवी लावून कुठेतरी जात आणि केस ओले करून परत येत. मीटरताईंनी मुलाला विचारून पाहिलं, सुनेला आडून विचारून पाहिलं, विहीणबाईंच्या इमारतीच्या रखवालदाराला तर दोनदा विचारलं. काही हाती लागलं नाही. जीव नुसता टांगणीला.

"बंद आहे म्हणतात," मीटरताई म्हणाल्या. "परत फिरायचं का, विहीणबाई?"

"तुम्हाला फिरायचंय?"

"छे! मला तर आता उलट जास्तच बघायचंय."

"मग चला."

एवढंच. नकार नाही, उत्साहही नाही. मीटरताई मनात म्हणाल्या, हिच्यापेक्षा दगड बरा, निदान हाक मारली तर ओ देतो. मग त्यांना आठवलं की दगड ओ देत नाही, कडा देतो, आणि त्या गुपचूप चढायला लागल्या.

वर पोचल्यावर दिसला तो काळा ओला कडा. पाणी पडून पडून मधोमध घासला गेलेला, दोन्ही बाजूंना शेवाळ. खाली डोह होता, पण निपचित. कठड्यापाशी एक फलक होता: 'विद्युतगृहाच्या गरजेनुसार धबधबा बंद किंवा सुरू राहील. पात्रात उतरू नये.' खाली वेळा लिहिलेल्या असाव्यात, पण उन्हापावसाने त्या पुसून गेल्या होत्या.

विद्युतगृह हा शब्द वाचून मीटरताई ताठ झाल्या. इतकी वर्षं त्यांनी विजेचे आकडे वाचले, पण वीज निघते कुठून, ते कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर पोस्टात काम करून एकही पत्र न आलेल्या माणसासारखं त्यांना झालं.

आणि मग त्यांना दार दिसलं.

धबधबा सुरू असताना जिथे पाण्याचा पडदा असायचा, बरोबर त्याच्यामागे, कड्याच्या पोटात, राखाडी रंगाचं लोखंडी दार होतं. कठड्यापासून त्या दारापर्यंत खडकात कोरलेली अरुंद वाट, बाजूला लोखंडी नळीचा आधार. वाटेच्या तोंडाशी जाळीचं फाटक होतं आणि ते उघडं होतं. कडी नुसती लटकत होती.

"बघा, बघा," मीटरताई कुजबुजल्या, जणू दार ऐकेल. "वायर गेलीय आत. जाड वायर. आत नक्की काहीतरी चालू आहे."

"जायचं का?"

"छे हो! फलक आहे ना. पात्रात उतरू नये."

"हे पात्र कुठाय? ही वाट आहे," विहीणबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून फाटकातून सरळ आत शिरल्या.

मीटरताई आ वासून बघतच राहिल्या. मग त्यांनी पर्स काखेत घट्ट धरली आणि नळी पकडून मागोमाग गेल्या. वाट ओली होती, पण पाय घसरेल अशी नव्हती, पावलापुरत्या खाचा केलेल्या होत्या. लोखंडी दार ढकलताच उघडलं.

आत एक खोली होती. खडकातच कोरलेली, आतून चुना लावलेली, जमीन सिमेंटची. एक टेबल, एक खुर्ची, लाकडी बाक. भिंतीवर काट्यांच्या तीन गोल तबकड्या, एकीचा काटा थरथरत होता. खुंटीला रेनकोट. टेबलावर उपडा घातलेला पेला आणि त्याच्याशेजारी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. समोरच्या भिंतीत दुसरं दार होतं, गजांचं, कुलूप घातलेलं. त्याच्यापलीकडे काळोखात शिरणारा बोगदा. बोगद्यातून गार वारा येत होता आणि दूर कुठेतरी भरडल्यासारखा आवाज.

"कुणीतरी बसतं इथे," मीटरताई म्हणाल्या. त्यांनी तबकड्या वाचल्या, रेनकोटाची बाही चाचपली, शब्दकोड्यात डोकावून पाहिलं. "आडवा सातवा चुकलाय याचा."

विहीणबाई बाकावर बसून बुटातला खडा काढत होत्या. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला.

लांबलचक भोंगा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मीटरताईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या दाराकडे धावल्या, आणि विहीणबाईंनी त्यांना दंड पकडून असं ओढलं की त्या टेबलावर आपटल्या. त्याच क्षणी वरून पाणी आलं. आधी थोडे थेंब, मग माती-पाचोळा मिसळलेली गढूळ धार, आणि मग सगळंच. दारासमोरची वाट, नळी, कठडा, दरी, सगळं पाण्यामागे गेलं. आवाज इतका की मीटरताईंना आपलीच किंकाळी ऐकू आली नाही.

विहीणबाईंनी लोखंडी दार लोटलं. आवाज अर्धा झाला.

"दंड दुखतोय," मीटरताई म्हणाल्या. "हात आहे की सांडशी?"

"वाटेवर असता तर दंडसुद्धा राहिला नसता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मीटरताईंना वाटलं. मुलगा खाली वाट बघणार. अंधार पडणार. त्यांनी पर्समधला मोबाइल काढला, तो त्या खडकात काय चालणार! पण दाराआडच्या कोपऱ्यात त्यांची नजर गेली. नजर कोपऱ्यातच जायची, सवय होती. तिथे भिंतीवर जुन्या धाटणीचा टेलिफोन होता, बटणं नसलेला. त्यांनी रिसीव्हर उचलला तर पलीकडे लगेच घंटा वाजायला लागली.

"बोला," एक पुरुषाचा आवाज आला. मग एकदम, "अहो, कोण बोलतंय? हा तर आतल्या खोलीतला फोन आहे!"

"आम्ही."

"आम्ही कोण?"

"आम्ही दोघी विहिणी."

मग आवाज म्हणाला, "बाई, तुम्ही आत कशा गेलात?"

"फाटक उघडं होतं."

पलीकडून नुसतं "अरेच्चा" ऐकू आलं. फाटक कुणी उघडं टाकलं ते त्या माणसाला नेमकं आठवलेलं दिसलं. "बाहेर पाऊल टाकू नका," तो म्हणाला. "पाणी आता थांबवता येत नाही. बोगद्याच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे, पण मशिनं सोडून लगेच निघता येणार नाही. हातातलं उरकून येतो. बसा तिथे. आणि कशाला हात लावू नका!"

"आडवा सातवा चुकलाय तुमचा," मीटरताई म्हणाल्या, पण फोन ठेवला गेला होता.

मग दोघी बसल्या. विहीणबाई बाकावर, मीटरताई टेबलाला टेकून उभ्या. विहीणबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन संत्री काढली. एक पुढे केलं. संत्रं सोलणारी त्यांची बोटं मीटरताईंनी पाहिली. मनगट चांगलंच मजबूत होतं. गोळ्या मोजून असं मनगट होत नाही.

आणि मीटरताईंच्या तोंडून ते निसटलं. भीतीने माणसाची शिस्त सैल होते तसं झालं असेल.

"विहीणबाई, तुम्ही गुरुवारी कुठे जाता हो?"

"गुरुवारी? टेबल टेनिस खेळायला."

मीटरताईंच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. "काय?"

"अग्निशमन केंद्रात हॉल आहे. तिथली माणसं खेळतात. मी तिथे एकदा औषधपेटी तपासायला गेले होते, त्यांच्यात एक भिडू कमी होता. तेव्हापासून जाते. घाम येतो, म्हणून तिथेच अंघोळ करून निघते." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "गेल्या महिन्यात त्यांच्या साहेबांना हरवलं."

"पण... पण मग हे सांगितलं का नाहीत कधी?"

"कुणी विचारलंच नाही."

"मी अख्ख्या जगाला विचारलं!"

"हो, आमचा रखवालदार सांगत होता," विहीणबाई म्हणाल्या. "मी तुमच्या शेजारीच बसलेली असायचे की. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मीटरताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत एकदाही समोरासमोर विचारायचं सुचलं नव्हतं. खरं तर कुणालाच समोरून काही विचारायची त्यांना सवय नव्हती. लोकांच्या चपला बघायच्या, बाटल्या बघायच्या, शेजाऱ्यांना विचारायचं, आणि उत्तर आपल्या मनाने लिहायचं.

"आता मी एक विचारू?" विहीणबाई म्हणाल्या.

"विचारा ना."

"माझी मुलगी तुम्हाला आवडत नाही का?"

बाहेर पाणी कोसळतच होतं. मीटरताई म्हणाल्या, "हे काय भलतंच! कोण म्हणालं असं?"

"तीच म्हणाली. आमच्याकडे आल्या की मीटर वाचायला आल्यासारख्या येतात, म्हणाली. दारातून आत, इकडे नजर, तिकडे नजर, आकडा घेतला की निघाल्या. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. ती बिचारी आदल्या दिवसापासून घर आवरते. तुम्ही गेलात की विचार करत बसते, यांना काय दिसलं असेल."

मीटरताईंना आधी हसू आलं, मग त्यांचं आपल्याकडेच लक्ष गेलं. त्या टेबलाला टेकून उभ्या होत्या, पर्स काखेत, निघायच्या तयारीत. खोलीत रिकामी खुर्ची होती, बाकावर जागा होती.

"मी कुणाच्याच घरी बसत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "कामात बसायची मुभाच नव्हती. एका घरी बसलं की पुढची पंचवीस राहतात. पुढे पुढे कुणी बसा म्हटलं तरी मला वाटायचं, हे तोंडदेखलं आहे, आपण गेलो की हुश्श करतील. मुलाकडेसुद्धा तसंच वाटतं. वाटतं, दोघं नोकरीवरून दमून आलेली असतात, त्यात म्हातारीचं लचांड कशाला." त्यांनी नाक पुसलं. "आवडत कशी नाही? ती खिडकीत कसल्या कसल्या बिया रुजत घालते ना डब्यांत, ते बघायला तर मी येते. कसल्या आहेत हे मात्र अजून विचारलेलं नाही."

"तेही मलाच विचारणार होतात का?"

"नाही, मुलाला विचारलं. तो म्हणाला, असतील कसल्यातरी."

यावर विहीणबाई हसल्या. मीटरताईंनी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या त्या. ते बघून मीटरताईंनाही राहवेना. दोन्ही विहिणी त्या खडकाच्या पोटात हसत सुटल्या. हसता हसता मीटरताई कधी बाकावर येऊन बसल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

थोड्या वेळाने विहीणबाईंनी उठून लोखंडी दार किंचित उघडलं. गढूळपणा गेला होता. पाणी आता स्वच्छ पांढरं कोसळत होतं, आणि त्यातून येणारा उजेड चुन्याच्या भिंतींवर हलत होता. पलीकडे कठड्याशी माणसं जमलेली असावीत; लाल, निळे ठिपके हलत होते.

"ती लोकं धबधबा बघतायत," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि आपण त्यांना बघतोय," मीटरताई म्हणाल्या. "त्यांना आपला पत्ताच नाही!" त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी हात हलवून पाहिला. अर्थात कुणालाच दिसला नाही, दोघींचे केस मात्र तुषारांनी भिजले.

गजांच्या दारात उजेड पडला. विजेरी, तिच्यामागे भरघोस मिशा आणि तेलाचे डाग पडलेला अंगरखा. ऑपरेटर आला होता. त्याने कुलूप काढलं आणि आधी घसा साफ केला, रागवायचं ठरवून आला होता म्हणून. "वय काय तुमचं, करता काय! फलक दिसत नाहीत? जीव गेला असता म्हणजे?"

"चुकलंच आमचं," विहीणबाई म्हणाल्या. "फाटकाची कडीही लागलेली नव्हती."

ऑपरेटरचा आवाज एकदम खाली आला. "सकाळी तबकड्या बघायला आलो होतो. लावायची राहिली. बाई, तेवढं वर कुठे बोलू नका."

"बोलणार नाही," मीटरताई म्हणाल्या. "पण मला एक सांगा. पाणी आत्ताच का आलं?"

विचारलं म्हटल्यावर ऑपरेटर थबकला. कुणी विचारत नसावं. "एरवी सगळं पाणी नळांतून खाली मशिनांकडे जातं," तो म्हणाला. "म्हणून वर कोरडं. दुपारी कारखान्यांची सुट्टी होते, तिकडे वीज लागेनाशी होते, मग आम्ही एक मशीन बंद करतो. मशिनाला नको असलेलं पाणी जाणार कुठे? इथून पडतं."

"म्हणजे," मीटरताई सावकाश म्हणाल्या, "शहरात लोकांनी बटणं बंद केली की इथे धबधबा पडतो?"

"तसंच म्हणा."

जिन्याखालचे, कपाटांमागचे ते सगळे मीटर मीटरताईंच्या डोळ्यांपुढून गेले. फिरणाऱ्या, मंदावणाऱ्या, थांबणाऱ्या चकत्या.

बोगदा लांब होता आणि उताराचा. ऑपरेटर पुढे, मग विहीणबाई, मागून मीटरताई. आवाज वाढत गेला, मग जमीन थरथरायला लागली, आणि एका वळणानंतर एकदम उंच छताचं प्रशस्त दालन उघडलं. स्वच्छ फरशी, पिवळे दिवे, आणि जमिनीत अर्धी रुतलेली हिरव्या रंगाची दोन गोल मशिनं. एक गप्प होतं, एक गुणगुणत होतं. बस, एवढंच. ठिणग्या नाहीत, लखलखाट नाही.

"हात लावू का?" मीटरताईंनी विचारलं.

ऑपरेटरने आधी नाही म्हणायला तोंड उघडलं, मग म्हणाला, "इथे, या कठड्याला लावा."

त्यांनी कठड्यावर तळवा ठेवला. थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली. वर डोंगरात पडलेलं पाणी, आणि इथे हे. त्यांना वाटलं होतं वीज उगमापाशी काहीतरी भयंकर असेल. ही तर झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवावा तशी होती. त्यांनी विहीणबाईंचा हात ओढून कठड्यावर ठेवला. त्यांनीही डोळे मिटून घेतले.

मग प्रश्नांची फैर झडली. नळ किती जाड, पाण्यातून मासे आले तर, हिवाळ्यात काय करता, एक मशीन बिघडलं तर. ऑपरेटर आधी थोडक्यात, मग रंगून सांगायला लागला. शेवटी त्याने दोघींना आपल्या मालवाहू जीपमध्ये घालून दरीच्या तोंडापर्यंत सोडलं आणि जाताना हात जोडून म्हणाला, "पुन्हा आलात तर पुढच्या दाराने या."

गाडीपाशी मुलगा रबर बांधलेल्या बुटाने येरझाऱ्या घालत होता. "अगं आई, होतात कुठे? फोन लागत नाही, वरून उतरलेली माणसं म्हणतात दोन बायका दिसल्याच नाहीत! मी आता वर माणूस पाठवणार होतो!"

"धबधब्यात होतो," विहीणबाई म्हणाल्या आणि गाडीत मागे जाऊन बसल्या.

सूनबाई पुढच्या सीटवर बसणार होत्या. त्यांनी आपल्या आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, दोघींच्या ओल्या केसांकडे पाहिलं, आणि मागचं दार उघडून दोघींच्या मध्ये घुसल्या. "धबधब्यात म्हणजे?"

मीटरताई सांगायला लागल्या. सूनबाई मध्येमध्ये विचारत होत्या, आणि प्रश्न असे नेमके की मीटरताईंना सांगता सांगता नवल वाटत होतं. ही पोरगी अशी विचारते, हे आपल्याला कसं कळलं नाही? घाट संपला, शहराचे दिवे दिसायला लागले, तरी त्या अजून बोगद्यातच होत्या. विहीणबाई खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या होत्या.

"आणि आई, तो ऑपरेटर," सूनबाई म्हणाल्या, "तो तिथे एकटाच असतो? घरी कोण आहे त्याला? करमतं का?"

मीटरताईंनी मनातल्या मनात आपले सगळे प्रश्न चाळून पाहिले. पाण्याचं, मशिनांचं, माशांचं, सगळं विचारून झालं होतं.

"अगं," त्या म्हणाल्या, "त्याचं तर काहीच विचारलं नाही मी."

"मग पुन्हा जायला हवं," सूनबाई म्हणाल्या. "मी येते."

"आधी मला बूट घेऊ द्या," मुलगा पुढून म्हणाला.